धबधब्याच्या वाटेवर जाळीचे बूट : पूर्ण पावसाळ्याचा अनुभव

मेअखेरीस ठाण्यात जाळीचे ट्रेकिंग बूट घेतले, वॉटरप्रूफ मुद्दाम टाळले. ओढ्यात पिंढरीपर्यंत पाणी असलं की ते वरूनच बुटात शिरतं आणि वॉटरप्रूफ अस्तरामुळे आतच साचतं. जाळीतून ते दहा-बारा पावलांत निथळतं. येऊरच्या वाटांवर हे आधीच पटलं होतं, कोयनेच्या सफरीत पक्कं झालं.

उंब्रजला हायवे सोडून पाटणमार्गे कोयनानगर, पुढे नवजा. इथला ओझर्डे धबधबा कोयना अभयारण्यात आहे. कोयना आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्यामुळे जंगल खरंखुरं दाट आहे. ओल्या, उघड्या बेसाल्टवर सोलची पकड अप्रतिम! रबर मऊ आहे, दगडाच्या बारीक खडबडीत ते रुतून बसतं. हिरव्या शेवाळावर मात्र कुठलाच सोल धरत नाही. तिथे बुटांच्या भरवशावर पाय टाकू नका, काठी टेका किंवा सरळ मागे फिरा. लाल चिखलाच्या उतारावरही हे बूट कमी पडतात, कारण सोलच्या खाचा उथळ आहेत.

जळवांचं काय, असं सगळेच विचारतात. जाळी त्यांना अडवत नाही. घट्ट विणीचे गुडघ्यापर्यंतचे मोजे घाला आणि पँट त्यात खोचा. सुती मोजे नकोत, ते ओले राहतात आणि टाचेला फोड येतात.

मऊ रबराची किंमत पुढे चांदोलीत कळली. झोळंबीच्या सड्यावरचा, म्हणजे उघड्या पठारावरचा, जांभा दगड कानशीसारखा आहे, टाचेची बाहेरची कड तिथे स्पष्ट झिजली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकतील, त्यापुढची खात्री देत नाही. तरीही धबधब्यांसाठी मी पुन्हा मऊ सोलच घेईन.

आपल्याकडच्या दमटपणात बूट वाळवणं हीच मोठी कटकट. आतला तळवा काढून ठेवायचा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरायचे, पंख्याखाली रात्रभर ठेवायचे आणि बोळे एकदा बदलायचे. गॅसजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नका, डिंक सुटतो. खरेदी करताना सोलचा मधला मऊ थर कशाचा आहे तेही विचारा. पॉलियुरेथेनचा फोम दमट हवेत हळूहळू विघटित होतो, आणि बूट कपाटात नुसते पडून असले तरी एक दिवस सोल भुगा होऊन निघतो. माझ्या बाबांच्या जुन्या जोडाचं कुंभार्ली घाटात हेच झालं. ईव्हीए फोमला हा धोका नाही, फक्त वजनाने तो लवकर दबतो. माझ्या बुटांत ईव्हीए आहे आणि टाचेखालचा मऊपणा आता थोडा कमी झालाय.