सीलिअ‍ॅकच्या घरात घरघंटी: ज्वारीपुरती घेतली तर पैसे वसूल

सीलिअ‍ॅक म्हणजे गव्हातलं ग्लूटेन हे प्रथिन आतड्याला बाधतं तो आजार. एक एचपीची घरघंटी सीलिअ‍ॅकच्या पेशंटसाठी घ्यावी का? जरूर घ्यावी. मात्र नवीच घ्यावी, आणि तिच्यात गव्हाचा दाणाही पडू देऊ नये.

मराठवाड्यात ज्वारी-बाजरी घरोघरी आहे आणि दोन्हींत ग्लूटेन नाही. घोळ होतो तो गल्लीतल्या गिरणीत. गव्हामागोमाग त्याच दगडांतून ज्वारी निघते, पीठ पडतं त्या कापडी नळीच्या सुरकुत्यांत गव्हाचं पीठ बसलेलं असतं. पहिलं दोन किलो सोडून दिलं तरी खात्री नाही. ग्लूटेनमुक्त अन्नाची मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम. किलोभर ज्वारीत चिमूटभर गव्हाचं पीठ मिसळलं तरी ती ओलांडली जाऊ शकते.

रोज असं पोटात जात राहिलं की आतड्याचं अस्तर भरून येत नाही. लोह शोषलं जात नाही, रक्त कमी होतं, प्लेटलेट वाढू शकतात. फोलेट आणि बी-12 घटलं की रक्तातलं होमोसिस्टीन नावाचं द्रव्य चढतं. सीलिअ‍ॅकमध्ये पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी होण्याचा धोका थोडा जास्त आढळतो, त्यामागच्या कारणांत हीही धरली जातात. एकाच पायाला सूज आली, पोटरी ठणकली किंवा एकाएकी धाप लागली तर लगेच दवाखाना गाठावा. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असणाऱ्यांनी पथ्य सुरू करताना डॉक्टरांना जरूर सांगावं: आतडं सुधारलं की के जीवनसत्त्व जास्त शोषलं जातं, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, बदलतो.

आता यंत्राबद्दल. बारीक जाळीवर भाकरीचं पीठ छान निघतं. पण ज्वारी ओलसर असेल तर जाळी बुजते, पीठ तापतं, विरी (पिठाचा चिकटपणा) जाते आणि भाकरी थापताना कडेनं चिरते. मोंढ्यातून आणलेल्या ज्वारीत गव्हाचे दाणे हमखास सापडतात. आधी निवडावी, मग कडक उन्हात वाळवावी. दळून झालं की कापड झटकावं, आतलं पीठ ब्रशनं काढावं, पाणी घालू नये. पीठ आठवड्यापुरतंच दळावं, जुनं झालं की कडवट लागतं. आवाज मोठा आहे, व्होल्टेज कमी असलं की मोटार अडते.

आणि एक, बसवायला आलेला माणूस डेमोसाठी गहूच टाकतो. त्याला दारातच सांगा, ज्वारी टाका.