काढता-घालता टो-बार: व्हॅनवर पंधरा महिने वापरल्यानंतर

आमच्या ढोल-ताशा पथकाचं सामान माझ्या व्हॅनमध्ये मावेनासं झालं तेव्हा टो-बारचा, म्हणजे ट्रेलर जोडायला गाडीच्या मागे बसवतात त्या लोखंडी बारचा, विचार सुरू झाला. मी इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ राहतो. गाडी फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टर टी-६, आखूड व्हीलबेसची. भरलेल्या गाडीची मर्यादा ३,२०० किलो. पथकाने बंद खोक्याचा, ब्रेकवाला ट्रेलर घेतला, त्याची मर्यादा १,३०० किलो. टो-बार जुलै २०२४ मध्ये बसवला. तेव्हापासून दोन गणेशोत्सव, एक पाडव्याची शोभायात्रा, घर बदलणाऱ्या दोन मित्रांचं सामान आणि एका मित्राची कॅरॅव्हॅन (ओढून न्यायचं चाकांवरचं घर) एवढं त्यावर ओढून झालं आहे.

कायमचा बार स्वस्त पडला असता. मला मिळालेल्या दरांत दोनशे पौंडांचा फरक होता. पण गाडी ४.९ मीटर लांब आणि आमची घरापुढची जागा जेमतेम पाच मीटर. कायमच्या बारचा बॉल (ट्रेलर ज्यावर अडकतो तो लोखंडी गोळा) फुटपाथवर आला असता, आणि त्या फुटपाथवरून शाळेची मुलं सायकली चालवत जातात. शिवाय ढोल चढवताना माणूस मागच्या दाराशी, नेमका बॉलच्या समोर उभा राहतो. पहिल्या वर्षी उसन्या गाडीवर तीन जणांच्या नडग्या फुटलेल्या मी पाहिल्या आहेत. म्हणून काढता येणारा घेतला. तुमचा ट्रेलर रोज जोडलेला राहणार असेल, तर हे जास्तीचे पैसे घालू नका, कायमचाच घ्या.

निवडताना वेस्टफालिया, ब्रिंक, विटर या तिघांची माहिती वाचून काढली. कंपनीपेक्षा रचना महत्त्वाची हे तेव्हा कळलं. एका प्रकारात बॉलची मान मागून आडवी किंवा तिरकी आत सरकते. दुसऱ्यात हंसाच्या मानेसारखी वळलेली दांडी बंपरखालून सरळ वर जाते. मी दुसरा घेतला. दांडी काढल्यावर मागून काहीच दिसत नाही, पाहणाऱ्याला गाडीला टो-बार आहे हे कळतही नाही. तोटा असा की घालताना गुडघ्यावर बसून बंपरखाली वाकावं लागतं. इथल्या पावसात हे सुखाचं नाही. जुनी योगा मॅट कायम गाडीत ठेवली आहे. गुडघे किंवा पाठ दुखत असेल तर आडवा प्रकार बघा.

खरेदीआधी गाडीच्या व्हिन प्लेटवरचे, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक असलेल्या पट्टीवरचे, वजनाचे आकडे वाचा. पहिला भरलेल्या गाडीचा, दुसरा गाडी आणि ट्रेलर मिळून होणाऱ्या एकूण वजनाचा, मग दोन्ही आसांचे (अ‍ॅक्सलचे). टो-बारवरही एक पट्टी असते, तिच्यावर डी-व्हॅल्यू आणि एस-व्हॅल्यू असे दोन आकडे असतात. एस म्हणजे बॉलवर उभं किती वजन टाकता येतं ते, माझ्याकडे १०० किलो. डी हा ओढण्याच्या ताणाचा आकडा, किलोन्यूटनमध्ये. गाडीचं आणि ट्रेलरचं कमाल वजन टनांत घ्या, त्यांच्या गुणाकाराला त्यांच्या बेरजेने भागा आणि ९.८१ ने गुणा. आमच्या जोडीचं उत्तर ९.०७ येतं. बारवर १४ च्या वर आकडा आहे, म्हणजे भरपूर अंतर आहे. गाडी, बार आणि ट्रेलरचं कपलिंग (बॉलवर बसणारा ट्रेलरचा पुढचा भाग) यांत ज्याची मर्यादा सगळ्यात कमी, ती तुमची मर्यादा.

लायसन्सबद्दल पथकात बराच गोंधळ होता. १ जानेवारी १९९७ नंतर गाडीची परीक्षा पास झालेल्यांना पूर्वी मोठ्या ट्रेलरसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१ पासून ती अट गेली आणि साध्या लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. कायद्याने परवानगी मिळाली म्हणून हात बसत नाही. आम्ही चौघांनी एका रविवारी रिकाम्या पार्किंगमध्ये तीन तास फक्त रिव्हर्सचा सराव केला, आणि त्या तीन तासांचा उपयोग पुढे प्रत्येक फेरीत झाला.

वायरिंगवर पैसे वाचवू नका. पहिल्या फिटरने सगळ्या गाड्यांना चालणारं साधं किट सुचवलं होतं, दिवे लागले की झालं म्हणाला. मी गाडीसाठी खास बनवलेलं, गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये कोडिंग करावं लागणारं किट दुसऱ्याकडून बसवून घेतलं. ट्रेलर जोडला की मागचे पार्किंग सेन्सर आपोआप गप्प होतात, आणि ईएसपीला (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेला) मागे काही जोडलंय हे कळतं. सॉकेट १३ पिनचं, बंपरखाली दुमडून जातं. आमच्या ट्रेलरचा प्लग जुना ७ पिनचा, म्हणून मधे अ‍ॅडॉप्टर लागतो. काम झालं की तो काढून ठेवा. माझा एकदा आठवडाभर तसाच राहिला, झाकण उघडं राहून आत पाणी गेलं आणि पिना हिरव्या पडल्या.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो.

बसवून देणाऱ्याने किल्ली हातात ठेवली आणि 'खट् आवाज आला की झालं' एवढंच सांगितलं. तो आवाज पुरेसा नाही. माझ्या दांडीला बाजूला गोल हँडव्हील आहे. दांडी नीट बसली की ते मानेला चिकटून बसतं, फट राहत नाही, त्यावरची खूण हिरव्या पट्ट्यात येते, आणि मगच कुलूप फिरून किल्ली बाहेर निघते. किल्ली निघत नसेल तर दांडी अडकलेली नाही, असंच समजायचं.

जानेवारीत एका सकाळी खट् आवाज आला, दांडी हलवून पाहिली तर घट्ट वाटली. पण हँडव्हीलखाली करंगळीचं नख जाईल एवढी फट होती आणि किल्ली फिरेना. मागे चारशे किलोंचं फर्निचर भरलेलं, मित्र घाईत, 'ओढून बघ ना, बसेल' असं म्हणत होता. मी नाही म्हणालो. दांडी काढून टॉर्चने आत बघितलं तर भोकात रस्त्यावर टाकतात त्या मिठाचा आणि बारीक खडीचा थर. चूक माझी होती. दांडी काढल्यावर भोकाला लावायचं प्लास्टिकचं बूच मी डिसेंबरभर लावलंच नव्हतं. कापडाने पुसून, जुन्या टूथब्रशने घासून पुन्हा घातली, तेव्हा पहिल्याच झटक्यात बसली आणि किल्ली निघाली. वीस मिनिटं गेली. ती दांडी मोटरवेवर निसटली असती तर काय झालं असतं, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

माझे काका सांगलीकडे ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवायचे. ट्रॉलीच्या पिनेला खालून चाप लावलाय हे स्वतः हात लावून बघितल्याशिवाय ते जागचे हलत नसत, मग कारखान्यावर कितीही रांग लागलेली असो. लहानपणी मला तो वेळकाढूपणा वाटायचा.

ब्रेकअवे केबलचंही असंच आहे. ब्रेकवाल्या ट्रेलरला एक बारीक तार असते. ट्रेलर सुटला तर ती ताणली जाते, ट्रेलरचा हँडब्रेक ओढते आणि मग तुटते. बरेच जण ती बॉलच्या मानेभोवती गुंडाळतात. काढत्या बारवर असं करणं धोक्याचं आहे. मान निसटली तर ती कपलिंगमध्ये अडकून ट्रेलरबरोबरच जाईल, तार तिच्याभोवती सैल लोंबत राहील आणि ब्रेक लागणारच नाही. तार गाडीला कायमच्या जोडलेल्या भागावरच्या कडीत अडकवायची असते. खरेदी करताना ही कडी कुठे आहे ते विचाराच. माझ्या बारला ती आहे, पण बंपरखाली इतकी आत की पहिल्या दिवशी मला सापडलीच नाही.

आमचा जोडण्याचा क्रम आता ठरला आहे. दांडी घालायची, किल्ली काढून खिशात टाकायची. कपलिंग बॉलवर उतरवायचं, त्याची हिरवी खूण बघायची. मग जॉकी व्हील (ट्रेलरच्या पुढचं छोटं टेकूचं चाक) फिरवून ट्रेलरचं नाक पुन्हा वर उचलायचं. गाडीची मागची बाजू त्याच्याबरोबर उचलली गेली तर पकड पक्की. त्यानंतर तार, प्लग, जॉकी व्हील वर, ट्रेलरचा हँडब्रेक सोडणं, आणि एक जण मागे उभा राहून दिवे बघतो. ट्रेलरवर गाडीचाच नंबर, पिवळ्या पाटीवर, हवा.

बॉलवरचं वजन आम्ही अनुभवातून शिकलो. २०२४ च्या मिरवणुकीला निघताना ढोल आधी आत, म्हणजे पुढे रचले आणि झेंडे, स्टँड, लोखंडी पाइप शेवटी दाराशी कोंबले. एम-४ मोटरवेवर ५५ मैलांच्या वेगाला ट्रेलर शेपूट हलवायला लागला. मी ब्रेक मारला नाही, स्टिअरिंग सरळ धरून फक्त अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय वर घेतला, तो हळूहळू शांत झाला. घरी येऊन बाथरूमचा वजनकाटा काढला, त्यावर लाकडाचा ठोकळा उभा करून कपलिंग बॉलच्या उंचीला टेकवलं. नाकावर १५ किलो! भरलेला ट्रेलर साधारण ९०० किलोंचा, त्याच्या ५ ते ७ टक्के, म्हणजे ४५ ते ६३ किलो हवे होते. आता पाइप आसाच्या जरा पुढे, तळाशी जातात आणि खोक्यात आतून रेषा आखून ठेवली आहे. त्यानंतर तसं एकदाही झालं नाही. वेगही मोटरवेवर ६० आणि एकेरी रस्त्यावर ५० मैलांच्या वर जात नाही, कायद्याची मर्यादाच ती आहे. तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर ट्रेलर घेऊन सगळ्यात उजव्या लेनमध्ये जाता येत नाही.

मित्राची कॅरॅव्हॅन ओढली तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. साध्या कपलिंगसाठी मी बॉलला थोडं ग्रीस लावतो. त्याच्या कपलिंगमध्ये डुलणं थांबवणारे घर्षणाचे पॅड होते, त्यांना ग्रीसचा थेंबही चालत नाही. बॉल ब्रेक क्लीनरने लख्ख पुसावा लागला, उरलेला रंगही घासून काढावा लागला. दोन्ही प्रकार ओढणार असाल तर चिंधी आणि क्लीनर सोबत ठेवा.

काढलेली दांडी चांगली जड असते. सुरुवातीला मी ती सीटमागे मोकळी टाकायचो. एकदा जोरात ब्रेक लागला आणि ती घसरत येऊन सीटच्या पायावर आदळली. आता जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून पट्ट्याने बांधलेली असते. विमा कंपनीला बार बसवल्याचं कळवलं, त्यांनी जास्त पैसे घेतले नाहीत, पण नोंद हवीच.

पंधरा महिन्यांत गंज फक्त हँडव्हीलच्या कडेला, नखाएवढा. दर दोन महिन्यांनी भोक पुसतो, कुलपात पातळ तेल सोडतो आणि बूच जागेवर आहे ना बघतो. किल्ली यंदाच्या विसर्जनाच्या गर्दीत कुणाच्या तरी झब्ब्याच्या खिशात गेली ती गेलीच. दुसरी किल्ली घरी होती, म्हणून दांडी काढता आली. कुलपावर कोरलेला नंबर तेव्हाच लिहून घेतला, त्या नंबरावर नवी किल्ली मागवली आणि ती आता ट्रेलरच्या कागदांच्या पाकिटात ठेवली आहे.