खेळ भरात असताना: 'टू-मिनिट वॉर्निंग' की 'ब्लॅक संडे'?

जत्रेतल्या नाटकाला मी मंडपाच्या मागच्या दाराशी उभा असतो. तोंडाला रंग फासायची हौस कधीच नव्हती. पालखी आत गेली, तिसरी घंटा झाली, की पुढचे चार तास माझी नजर नटांवर कमी आणि बसलेल्या माणसांवर जास्त. त्यामुळे भरल्या प्रेक्षकांत काहीतरी भयंकर घडतं, त्या जातीचे सिनेमे मी थोडे दाराशी उभं राहूनच बघतो, असं समजा. गेल्या पावसाळ्यात मंडळाच्या पोरांना असा एखादा दाखवायचा ठरला आणि निवड माझ्या गळ्यात पडली.

शेवटी दोन उरले. 'टू-मिनिट वॉर्निंग' १९७६ चा, 'ब्लॅक संडे' १९७७ चा. दोन्हीकडे खचाखच भरलेलं स्टेडियम आणि अमेरिकन फुटबॉल. (गोव्यातल्या आमच्या फातोर्ड्याचा फुटबॉल विसरा, हा हेल्मेटवाला.) गंमत म्हणजे स्टेडियमवर घिरट्या घालणारा गुडइयर टायर कंपनीचा अवाढव्य हवाई फुगाही दोन्हीकडे आहे. एकात त्यावरच्या कॅमेऱ्याला लपलेला बंदूकवाला पहिल्यांदा दिसतो. दुसऱ्यात तो फुगाच माणसं मारायला निघतो.

'ब्लॅक संडे' हा कारागिरीत सरस, हे आधीच कबूल करून टाकतो. दिग्दर्शक जॉन फ्रँकनहायमरने मायामीच्या ऑरेंज बोल स्टेडियममध्ये १९७६ ची खरी सुपर बोल, म्हणजे या फुटबॉलचा वर्षाचा अंतिम सामना, चालू असताना चित्रण केलं, त्यामुळे ती गर्दी भाड्याची वाटत नाही. सामना रद्द करा म्हटल्यावर नकार देणारा क्लबमालक जो रॉबी तर पडद्यावर स्वतःच आहे. फुगा चालवणारा ब्रूस डर्नचा वैमानिक बघताना पोटात गोळा येतो. आणि तो वाळवंटातल्या शेडचा प्रसंग! फुग्यातून गर्दीवर सोडायच्या पोलादी बाणांची चाचणी होते, क्षणभर काही कळत नाही, मग पत्र्याच्या भिंतीतल्या असंख्य भोकांतून उन्हाचे कवडसे आत येतात. भिंतीची चाळण झालेली आणि डर्नचा चेहरा हरखलेला. या एका प्रसंगासाठी सिनेमा बघावा, असं मीही सांगेन. मात्र याच नावाचा १९६० चा एक इटालियन भुताटकीचा सिनेमाही आहे, तो चुकून लावू नका.

मग अडलं कुठे? फुगा प्रेक्षकांवर येतो तेव्हा चित्राला चित्र जोडल्याचं दिसतं, अशी कुरकुर बरेच जण करतात. माझी त्याला हरकत नाही. आमच्याकडे श्रीकृष्णाचा रथ दोरीने ओढतात आणि दोरी पहिल्या रांगेला दिसते. मला खुपलं ते वेगळंच. ऐन वेळी कॅमेरा हेलिकॉप्टरमध्ये चढतो आणि खाली जी पळापळ चाललीय, ती नुसतं मागचं चित्र होऊन राहते. एवढी माणसं निघाली कुठून? जिन्यावर काय झालं? पोरं कोणाच्या हातात होती? दोन तास ज्या गर्दीसाठी माझा जीव टांगणीला लावला, तिच्यातलं एक माणूस मला ओळखीचं नव्हतं. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हाही मी दारच शोधत बसलो. ही माझी खोड असेल. मागच्या दाराशी उभा न राहणाऱ्याला कदाचित जाणवणारही नाही.

'टू-मिनिट वॉर्निंग' उलट्या बाजूने येतो. पहिला तासभर तो रेंगाळतो, हे खरं. लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये माणसं येऊन बसतात, इतकंच. कर्जात बुडालेला जुगारी, बायकोपोरांना घेऊन आलेला बेकार बाप, वॉल्टर पिजनचा रुबाबदार म्हातारा खिसेकापू. चार्ल्टन हेस्टन आणि जॉन कॅसावेट्स हे पोलीस एकमेकांशी जेमतेम बोलतात. आमच्यातल्या एकाने मध्येच "सुरू कधी होणार?" म्हणून विचारलंसुद्धा. बंदूकवाल्याचं कारण शेवटपर्यंत कळत नाही, चेहराही धड दिसत नाही. काहींना ते अपुरं वाटेल. पण गोळी सुटते आणि सगळं स्टेडियम एकदम उठतं, तेव्हा गोळीपेक्षा अरुंद वाटा जास्त भीती घालतात. मागचे ढकलतात, पुढच्यांना थांबता येत नाही. सुरू कधी होणार विचारणारा पोरगा तिथून पुढे गप्प होता.

एक सांभाळा. अमेरिकेत टीव्हीसाठी याची वेगळी आवृत्ती केली होती. तिच्यात चित्रांच्या चोरीचं कथानक घुसडलं आणि बंदूकवाल्याला त्या चोरीतलं कारण चिकटवलं. दिग्दर्शक लॅरी पीअर्सने तिच्यावरून आपलं नाव काढून घेतलं. आम्हाला पहिल्यांदा मिळालेली प्रत नेमकी तीच निघाली. चित्रं चोरणारी मंडळी दिसायला लागली की बंद करा आणि मूळ प्रत शोधा.

घरात लहान मुलं असतील तर तिसराच बघा, १९७७ चा 'रोलरकोस्टर'. जत्रेतल्या पाळण्यांसारख्या खेळांत बॉम्ब ठेवणारा थंड डोक्याचा तरुण आणि सिगारेट सोडायच्या खटपटीत असलेला सुरक्षा निरीक्षक. हलकाफुलका आहे, पण ताण धरून ठेवतो.

बाकी, रात्रीची जेवणं आटोपून मजेत काही बघायचं असेल तर 'ब्लॅक संडे'च लावा, वेळ वाया जाणार नाही. आम्ही मात्र 'टू-मिनिट वॉर्निंग' लावला. मे २०२५ मध्ये गोव्यात शिरगावच्या लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, माणसं गेली. त्यानंतर नुसता आकाशातून गर्दी दाखवणारा सिनेमा पोरांपुढे ठेवायला माझं मन होईना.

पुढच्या जत्रेत, मी काही सांगायच्या आत, त्यातल्याच एकाने खाजेवाल्या मावशींना बाकडं वाटेतून सरकवायला सांगितलं. "तुजो आजोय हांगाच खाजें घेतालो," (तुझा आजोबाही इथेच खाजं घ्यायचा) म्हणत त्यांनी त्याला झापलं. मग बाकडं सरकवलं, वीतभर. पोरगा अजून एक वीत मागत तिथेच उभा होता, आणि आत दुसरा अंक सुरू झाला होता.