सुरुवात कोणापासून करावी: हॉथॉर्न, मेल्व्हिल की मार्क ट्वेन?

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी कादंबरी मुळातून वाचायची असे ठरवलेल्या मराठी वाचकापुढे बहुधा तीन नावे येतात: नॅथॅनियल हॉथॉर्न यांची ‘द स्कार्लेट लेटर’ (१८५०), हर्मन मेल्व्हिल यांची ‘मोबी-डिक’ (१८५१) आणि मार्क ट्वेन यांची ‘हकलबेरी फिन’ (१८८४-८५). तिन्हींचे मोठेपण मान्य आहे; प्रश्न फक्त क्रमाचा आहे.

मुलांची गोष्ट समजून ‘हकलबेरी फिन’ सर्वांत आधी हाती दिली जाते, आणि हा सल्ला मला मुळीच पटत नाही. ही कथा हक नावाचा एक अर्धशिक्षित पोर स्वतःच्या तोंडाने सांगतो, आणि पुस्तकात अनेक बोली मुद्दाम वेगवेगळ्या लिहिल्या आहेत, असे ट्वेन यांनी आरंभीच बजावले आहे. पुस्तकी इंग्रजीवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना गुलामगिरीतून पळालेल्या जिमचे बोलणे नुसते डोळ्यांनी वाचून उमगत नाही. मोठ्याने वाचले की हळूहळू उलगडते. हे कष्ट एकतिसाव्या प्रकरणात फळतात: जिमचा ठावठिकाणा त्याच्या मालकिणीला कळवणारे पत्र हक लिहितो, ते हातात धरून थरथरत विचार करतो आणि मग नरकात जावे लागले तरी बेहत्तर म्हणून फाडून टाकतो. त्यानंतर हकचा मित्र टॉम सॉयर येतो आणि जिमची सुटका पोरखेळ होऊन बसते, ही घसरण अनेक समीक्षकांनाही खटकली आहे. शिवाय कृष्णवर्णीयांसाठीचा अपमानकारक शब्द येथे दोनशेहून अधिक वेळा येतो, हे किशोरांच्या हाती पुस्तक देण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

हॉथॉर्न यांची वाक्ये लांबलचक असली तरी ती व्याकरणाला धरून चालतात, त्यामुळे शब्दकोश जवळ असला की निभावते. सतराव्या शतकातील प्युरिटन, म्हणजे कडक धर्माचरणाच्या ख्रिस्ती पंथाच्या, बॉस्टनमध्ये व्यभिचाराची खूण म्हणून छातीवर लाल अक्षर वागवणारी हेस्टर प्रिन मुलीच्या बापाचे नाव सांगत नाही, एवढ्यावर चोवीस प्रकरणे उभी आहेत. पात्रे मोजकी आहेत आणि शिक्षेच्या चौथऱ्यावरचे तीन प्रसंग कथेला आवळून धरतात. लेखकाचे पूर्वज जॉन हॅथॉर्न हे १६९२ मधील सेलमच्या चेटूक-खटल्यांत न्यायाधीश होते, हे ठाऊक असले म्हणजे या गंभीर सुरामागची बोचणीही कळते. जकात कचेरीवरचे दीर्घ प्रास्ताविक मात्र पहिल्या वाचनात खुशाल वगळावे. तेथेच अनेकांचे पुस्तक मिटते.

म्हणून माझा कौल हॉथॉर्न, मग ट्वेन आणि शेवटी मेल्व्हिल असा आहे.

मेल्व्हिल यांनी ‘मोबी-डिक’ हॉथॉर्न यांनाच अर्पण केली आहे. एकशे पस्तीस प्रकरणांच्या या कादंबरीत कॅप्टन एहॅबचा मोबी-डिक या देवमाशावरील सूडाचा प्रवास वारंवार थांबतो आणि देवमाशांचे वर्गीकरण, चरबी वितळवण्याच्या भट्ट्या, हत्यारे यांचे वर्णन सुरू होते. लेखक १८४१ मध्ये स्वतः व्हेल-शिकारीच्या जहाजावर गेलेला असल्यामुळे त्यात ऐकीव फार थोडे आहे. तिन्ही पुस्तकांचे स्वामित्वहक्क संपलेले असल्यामुळे ती इंटरनेटवर मोफत मिळतात. पुस्तक विकत घेण्याआधी ‘मोबी-डिक’चे साठावे प्रकरण तेवढे वाचून पाहावे. होडीत वेटोळी घालून ठेवलेली भाल्याची दोरी सुटताना कोणाचाही हातपाय घेऊन जाऊ शकते, एवढाच त्याचा विषय आहे. तो ज्याला खिळवून ठेवील, त्याने माझा क्रम बाजूला सारून सरळ मेल्व्हिलपासून सुरुवात करावी.