मुतखडा "काढून दाखवणाऱ्या" माणसापासून सावध राहा

ज्यांना आत्ता मुतखड्याच्या कळा येतायत किंवा ज्यांच्या घरात कुणाला येतायत त्यांच्यासाठी हे लिहितेय. ज्या माणसाने मला फसवलं तो आजही तेच करतोय, आणि त्याच्याकडे जाणारे सगळे दुखण्याने बेजार झालेलेच असतात.

ज्यांनी ही कळ सोसली नाहीये त्यांना कल्पना येणार नाही. मागे बरगडीच्या खाली एका बाजूला सुरू होते, तिथून पोटाला वळसा घालून जांघेपर्यंत उतरते. बाकी पोटदुखीत माणूस निपचित पडून राहतो, इथे पडवत नाही, बसवत नाही, उभं राहवत नाही. मी बाथरूमच्या फरशीला कपाळ टेकून गुडघ्यांवर बसले होते, उलटीला काही उरलं नव्हतं तरी उमाळे थांबत नव्हते, आणि भाऊ दाराबाहेरून ताई ताई करून हाका मारत होता, त्याला उत्तर द्यायचं पण त्राण नव्हतं. आणि मग अचानक कळ थांबली. अंग घामाने भिजलेलं पण दुखणं गायब.

हे मधेच थांबणं नीट लक्षात ठेवा, सगळी फसवणूक याच्यावरच उभी आहे. किडनीतून लघवी मूत्राशयात आणणारी नळी 25 ते 30 सेंमी लांब असते आणि आतून जेमतेम 3-4 मिमी रुंद, त्यात खडा अडकला की मागे लघवी तुंबते, किडनीवर दाब येतो, नळी त्याला पुढे ढकलायला आवळते आणि कळ येते. खडा जरासा सरकला, वाट थोडी मोकळी झाली की बरं वाटतं. कधीकधी तर खडा तिथेच रुतलेला असतो तरी दुखायचं थांबतं. म्हणजे कुणी काही दिलं नाही तरी कळ जाणारच असते, आणि जो त्या वेळी समोर बसलेला असतो तो श्रेय घेऊन मोकळा होतो.

आमच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी लिहून दिली होती, पण ओळखीतल्या एकांनी कळवळून सांगितलं की अमुक माणूस बिना ऑपरेशन गॅरंटीने खडा पाडतो, आमच्या घरच्यांचा पाडला. त्यांचं मन साफ होतं, त्यांना खरंच तसं वाटत होतं. गेलो. त्याने पाठीवर बोटं दाबली आणि म्हणाला, कळ जांघेत उतरते ना, मळमळतं ना, लघवीला जळजळ होते ना. आम्हाला वाटलं बघा न सांगता सगळं ओळखलं, पण ही लक्षणं बहुतेक मुतखडेवाल्यांना असतातच. सोनोग्राफी अजिबात करू नका, मशीनच्या किरणांनी खडा वाढतो, असंही म्हणाला. हे धादांत खोटं आहे, सोनोग्राफीत ध्वनिलहरी असतात आणि खडा कुठल्याच तपासणीने वाढत नाही. तपासणी नको म्हणायचं खरं कारण एकच, रिपोर्ट हातात आला की खड्याची जागा आणि साईझ कागदावर येते आणि मग थापा मारता येत नाहीत.

पूर्ण कोर्सचे पैसे आधी रोख घेतले, बिल नाही. औषधाच्या पुड्यांवर नाव नाही, आत काय आहे ते नाही. विचारलं तर म्हणे फॉर्म्युला सांगायचा नसतो. पहिल्या पुडीने अर्ध्या तासात आराम पडला. नंतर आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की इतक्या झटपट कळ थांबत असेल तर त्यात वेदनाशामक गोळी कुटून घातलेली असण्याची दाट शक्यता आहे, आणि ते जास्त धोक्याचं, कारण लघवी तुंबलेल्या किडनीवर न मोजता दिलेल्या अशा गोळ्यांचा मारा झाला तर किडनीच बिघडू शकते.

आता तो खडा कसा "काढला" ते सांगते. त्याने त्याचंच भांडं दिलं, त्यात लघवी करून आणायला सांगितली, मग त्यात कसलासा काढा ओतला, "तपासायला" म्हणून आतल्या खोलीत घेऊन गेला आणि गाळलेलं फडकं बाहेर आणून आमच्यासमोर उलगडलं. फडक्यावर गुळगुळीत, पांढरट, चांगला हरभऱ्याच्या डाळीएवढा खडा. भावाने तर हात जोडले हो त्याला. तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही की एवढा खडा लघवीच्या वाटेने आला असता तर मला काहीतरी जाणवलं असतं.

त्यानंतर बरेच दिवस कळ आली नाही. कमरेत नुसतं जड जड वाटायचं. मग एका संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला आणि भावाने सरळ हॉस्पिटलात नेलं. सिटी स्कॅनमध्ये 7 मिमीचा खडा नळीच्या अगदी खालच्या तोंडाशी, जिथे ती मूत्राशयाला मिळते आणि सगळ्यात अरुंद असते तिथे अडकलेला, वरची किडनी सुजलेली आणि तुंबलेल्या लघवीत इन्फेक्शन. आधी स्टेंट, म्हणजे आत ठेवायची बारीक पोकळ नळी, टाकून तुंबलेलं मोकळं केलं, अँटिबायोटिक दिली, ताप उतरल्यावर मग दुर्बिणीतून लेझरने खडा फोडला. युरोलॉजिस्ट, म्हणजे मूत्रविकारांचे डॉक्टर, म्हणाले की न दुखता आठवडेच्या आठवडे अडथळा राहिला तर किडनी कायमची निकामी होऊ शकते. हे ऐकून मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. पैसे गेले ते गेले, पण "खडा निघाला" असं सांगून त्याने माझे उपचार थांबवले, हा खरा गुन्हा.

त्याने दिलेला खडा आम्ही डबीत जपून ठेवला होता. डॉक्टरांनी तो आणि माझा खडा, दोन्ही लॅबला पाठवले. माझ्यातून निघालेले तुकडे कॅल्शियम ऑक्सलेटचे, बहुतेकांचे त्याचेच असतात, तपकिरी आणि खरखरीत. फडक्यावरचा निघाला क्वार्ट्झ, म्हणजे वाळूतली गारगोटी. माणसाच्या किडनीत क्वार्ट्झ तयार होत नाही.

भाऊ रिपोर्ट घेऊन त्याच्याकडे गेला तर म्हणतो, तो जुना खडा होता, हा नवीन झाला. तेवढ्या दिवसांत 7 मिमीचा खडा तयार होऊन खाली येऊन अडकला म्हणे! त्याला भरवसा आहे की पुरावा कुणी ठेवत नाही. आणि त्याचं नाव होतं त्यालाही कारण आहे, 5 मिमीच्या आतले खडे दहापैकी सहा-सात जणांचे आपोआप पडतात, 5 ते 10 मधले साधारण निम्म्या लोकांचे. ती सगळी माणसं त्याची जाहिरात करतात, आणि ज्यांचा पडत नाही ती हॉस्पिटलात असतात.

विरघळवण्याच्या गॅरंटीबद्दल पण सांगते. युरिक ऍसिडचे खडे लघवीचा आम्लपणा कमी करणाऱ्या औषधाने खरंच विरघळू शकतात, पण ते डॉक्टरच्या देखरेखीखाली. कॅल्शियम ऑक्सलेटचा खडा विरघळवणारं औषध नाही, कुठल्याही पुडीत नाही.

कळ आली की डॉक्टरकडे डायक्लोफेनॅक किंवा केटोरोलॅक या वेदनाशामकांचं इंजेक्शन मिळतं, किडनी चांगली असेल तर आधी तेच देतात आणि खूप आराम पडतो. गरम पाण्याची पिशवी कमरेला लावा, बरं वाटतं. कळ चालू असताना तांब्यावर तांबे पाणी ढोसू नका, त्याने खडा ढकलला जात नाही, उलट्याच वाढतात, भरपूर पाणी एरवी प्यायचं, पुन्हा खडा होऊ नये म्हणून. डॉक्टर थांबून बघू म्हणाले तर लघवी घरच्या घरी, स्वतःच्या हाताने गाळा, आणि दुखायचं थांबलं तरी पुन्हा तपासणी करून खडा गेल्याची खात्री करून घ्या. थंडीताप आला, लघवी बंद झाली, उलट्या थांबेनात किंवा एकच किडनी असेल तर रात्र असली तरी सकाळची वाट बघू नका.

आम्ही लेखी तक्रार दिली आहे, सोबत लॅबचे दोन्ही रिपोर्ट आणि उरलेल्या पुड्या जोडल्यात. तुमच्याकडे कुणी असा "काढून" दिलेला खडा असेल तर फेकू नका, डॉक्टरांना दाखवून लॅबला पाठवा, आणि पुढची सोनोग्राफी आजच करून घ्या.