चेहरा लाल होण्याची भीती: शस्त्रक्रिया की लक्ष वळवण्याचा सराव?
चारचौघांत चेहरा लाल होईल या धास्तीने काही जण थेट शस्त्रक्रियेकडे वळतात. दुर्बिणीतून छातीतला सिम्पथेटिक मज्जातंतू (चेहऱ्याची लाली आणि घाम यांवर ताबा ठेवणारा) कापला की लाली बहुधा लगेच कमी होते. पण कापलेलं पूर्ववत होत नाही, आणि पाठ-पोटावर घामाच्या धारा लागण्याचा त्रास अनेकांच्या मागे लागतो. ही किंमत मला फार वाटते.

दुसरी वाट नेदरलँड्सच्या मानसशास्त्रज्ञ सुझान ब्योगेल्स यांनी अभ्यासलेली: लक्ष गालांवरून उचलून समोरच्याच्या बोलण्यावर, हातातल्या कामावर नेण्याचा सराव. आधी कुणाचं निवांत ऐकताना, मग बाजारात, शेवटी जिथे खरी धडधड होते तिथे. गाल तापले तर तापू देत! सतत स्वतःवर ठेवलेला पहारा सुटला की भीतीचं खतपाणी तुटतं. आठवडे लागतात खरे, तरी आधी हेच करून पाहा.