उपवासकाळाची मनन-पुस्तिका : शेहेचाळीस दिवस वापरल्यानंतर

यंदा १८ फेब्रुवारीला, राखेच्या बुधवारी (कपाळाला राख लावून ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो तो दिवस), मिस्सा म्हणजे देवळातली उपासना आटोपून बाहेर पडताना धर्मग्रामातर्फे, म्हणजे आमच्या देवळाच्या मंडळींतर्फे, प्रत्येकाला एक जांभळी पुस्तिका आणि घडीची पुठ्ठ्याची दानपेटी मिळाली. माझा हात नकळत कपाळाला गेला होता, त्यामुळे पहिल्याच पानावर राखेचं बोट उमटलं. ते अजून तसंच आहे.

रोज एक पान. शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या वृत्तांतातला उतारा, चार-पाच ओळींचं मनन, छोटी प्रार्थना आणि तळाशी ‘आज’ एवढा शब्द व पुढे कोरी रेघ. मनन लिहिणाऱ्याने उपदेश आवरता घेतलाय, हे मला फार आवडलं. पाच मिनिटांत पान होतं, पण दिवसभर डोक्यात राहतं.

उपवासाचे नियम इतके स्वच्छ मांडलेले मी आधी वाचले नव्हते. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी एकच पूर्ण जेवण. १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत. मांसवर्ज्य १४ पूर्ण झाल्यापासून, आणि त्याला वरची मर्यादा नाही. मला यंदा साठावं लागलं, म्हणजे उपवासाचं बंधन सुटलं. तरी मी दोन्ही दिवस केला, झेपला. सुनेचं बाळ मात्र अंगावर पितं. उपवास करता येत नाही म्हणून ती मनातून कष्टी होती. आजारी माणसं, गरोदर आणि पाजणाऱ्या बाया यांना सूट आहे, ही ओळ मी तिला मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा कुठे ती पोटभर जेवली.

आता खटकलेलं. पानांवर दिवसांचे आकडे आहेत, रविवारी आकडाच नाही, आणि का नाही ते कुठेही सांगितलेलं नाही. नातवाने विचारलं, “आजी, रविवार गाळला का गं?” प्रत्येक रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा सण, म्हणून तो उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत धरत नाहीत, ४६ दिवसांतून सहा रविवार वजा केले की चाळीस उरतात. एवढं एका ओळीत छापता आलं असतं. मुलं असलंच विचारतात.

शेवटी क्रुसाची वाट आहे, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या टप्प्यांवरची प्रार्थना, चौदाही स्थानं. मजकूर उत्तम, पण अक्षर इतकं बारीक की शुक्रवारी संध्याकाळी देवळातल्या उजेडात माझ्या वयाच्या कुणालाच लागत नव्हतं. त्यात सहाव्या स्थानाला, वेरोनिका येशूचा चेहरा पुसते तिथे, “हे ख्रिस्ता, आम्ही तुझी आराधना करतो” हे पानाच्या तळाला आणि आमचं उत्तर पलीकडच्या पानावर. गुडघ्यावर असताना सगळ्यांची एकदमच पानं उलटायची सळसळ, आणि उत्तर विस्कळीत. दर शुक्रवारी हेच. दानपेटीचा तळ दुसऱ्या आठवड्यात सुटला, चिकटपट्टी लावावी लागली. त्यातला पैसा कुणासाठी जाणार हेही लिहायला हवं होतं. उपवासातून वाचलेलं कुणाच्या तोंडी पडतंय हे कळलं की हात सैल होतो.

तरीही ही पुस्तिका मी जपून ठेवणार आहे, ती त्या कोऱ्या रेघेसाठी. पहिले काही दिवस मी ‘मोबाइल लांब ठेवला’ असलं काहीबाही लिहीत होते. मग पापनिवेदनाच्या तयारीच्या पानावर प्रश्न आला : कुणाशी बोलणं टाकलं आहे का? आईच्या शेवटच्या दुखण्यात माझं आणि ताईचं बिनसलं, त्याला दोन वर्षं झाली. चौथ्या रविवारी, येशू जन्मांध माणसाला दृष्टी देतो ते शुभवर्तमान वाचलं गेलं. दुसऱ्या दिवशी रेघेवर लिहिलं, ‘ताईला फोन.’ केला नाही. मंगळवारी पुन्हा तेच लिहिलं, बुधवारी, गुरुवारीही. चार पानं एकाखाली एक तेच दोन शब्द माझ्याकडे बघत होते. शुक्रवारी केला. ती म्हणाली, “गुडघा कसा आहे तुझा?” नंतर बराच वेळ आम्ही दोघी रडलो.

छापणाऱ्यांना एवढंच सांगणं : पुढच्या वर्षी अक्षर मोठं करा आणि ‘आज’पुढे दोन-तीन रेघा द्या. त्या शुक्रवारचं मला समासात लिहावं लागलं.